बोंबलण्याचा अर्थ

११ मार्च, मंगळवार

दादा,

नमस्कार, वयाने मोठा आहेस म्हणून. आईचे गुडघे जरा बरे आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

अपघाताचा अहवाल काल साक्षीदार म्हणून सहीसाठी माझ्यापुढे आला. खाली लॉण्ड्रीचा सुपरवायझर म्हणून तुझी सही. लिहिलंयस, "शेजारच्या कामगार महिलेच्या बोंबलण्याने दचकून जखमी महिलेचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला." बोंबलणारी ती मी! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि जखमी महिला म्हणजे आपल्या लॉण्ड्रीतल्या मावशी, वीस वर्षं त्या रोलरमध्ये चादरी घालतायत. त्या दचकतात?

सही न करता तडक वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी जाडजूड शब्दकोश काढून दिला. बोंब म्हणजे संकटात मदतीसाठी मारलेली मोठी हाक, आणि बोंबलणं आलंय त्या बोंबेवरून. मी विचारलं, "मग 'उगाच बोंबलू नकोस' असं का म्हणतात?"

"ज्यांना धावून जायचं नसतं, त्यांनी अर्थ बदलला असेल," बाई म्हणाल्या.

असेल कसला? बदलताना मी पाहिलाय. मावशींचा हात आधी सापडला, मग मी बोंबलले. "दादा, मेन स्विच पाड!" स्विच तुझ्याच केबिनमध्ये. काचेतून तू बघितलंस. नजरानजर झाली आपली. कानाला फोन तसाच, आणि हाताने मला खूण केलीस, 'थांब.' मीच धावत आत येऊन स्विच पाडला. तोवर तीन बोटं गेली होती.

आणखी एक. रोलर जागीच थांबवायचं लाल बटण आठवडाभर बिघडलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. "वर कळलं तर माझी नोकरी जाईल," असं तू म्हणालास आणि मी तोंड शिवून बसले. बोंबलायचं होतं ते तेव्हा. तुझा येतो तितकाच राग मला माझाही येतो. हॉस्पिटलात मावशी म्हणतात, "तू ओरडलीस म्हणून हात तरी राहिला, पोरी." मला मान वर करता येत नाही.

आज सकाळी सरकारी कारखाना निरीक्षकांकडे जबाब देऊन आले. बटणाचं सांगितलं, माझ्या गप्प बसण्याचंही. सुपरवायझरचं नाव विचारलं, ते सांगितलं. "तुमचे कोण?" म्हणाले. तेही सांगितलं.

आईला अजून काही बोललेले नाही. ते तू सांगायचंस, तिच्यासमोर बसून. रविवारपर्यंत थांबेन.

अजून तरी तुझी बहीण