हेमलताचं भाषण

शैलाताई,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू यातलंही एखादं वाक्य संस्थेच्या अहवालात छापशील.

सुरगाण्याहून आलेली हेमलता तुझ्या संस्थेत माझ्याकडे मोटार वाइंडिंग शिकली. जळालेला पंप ती एकटी दुरुस्त करते. काल देणगीदारांसमोर ती तेच सांगेल, असं मला वाटलं होतं. पण ती स्टेजवर चढताना तू तिच्या हातात दुसरंच भाषण दिलंस. बाप दारू पिऊन मारायचा, संस्थेने वाचवलं.

ती म्हणाली, "मॅडम, माझे बाबा पीत नाहीत."

"अगं, कोण विचारायला येतंय? पाहुण्यांना रडू आलं तरच पुढची बॅच निघते."

तिने मान खाली घालून वाचलं. पाहुण्यांनी डोळे पुसले. तिचे वडील काशिनाथभाऊ मागच्या रांगेत होते. लेकीचं कौतुक बघायला पहाटेच्या एसटीने आले होते.

आता ते तुझ्यावर ओरडतील, म्हणून मी वाट बघत होतो. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तुझ्यापुढे येऊन हात जोडले.

"मॅडम, पोरीला नोकरी लागंल ना? मंग कोनी इचारलं तर मी पितो म्हनून सांगीन."

आणि तू माझ्याकडे वळून हसलीस. "बघ, किती समजूतदार माणूस!"

ताई, मला तुझी किळस आली.

उद्या फोनवर एवढंच सांगेन, की मी शिकवायला येणार नाही. हेमलताला सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन चाललोय. तिथे तिला फक्त मोटार उघडून दाखवावी लागेल.

तुझाच भाऊ, नाइलाजाने,
श्रीपाद