मिठाच्या गोण्यांचे दगड

मोहाचा तांडा, ता. दारव्हा
१९ नोव्हेंबर १९६१

पूनमसिंग भिया यांना धाकट्या लखीरामचा वाकून रामराम.

आम्ही सारे बरे आहोत. लोहाऱ्याला तुमचं आणि भाभीचं कसं चाललं आहे? इथे कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे. आपल्या याडीला आता दिसतं कमी, पण लेकासुनांचं ऐकू नको तेवढं येतं.

बातमी अशी, की नव्या सडकेसाठी आपल्या माळावर खुणा पडल्या आहेत. जुन्या जागांची नोंद करणारे एक साहेबही येऊन गेले. त्यांनी विचारलं, देऊळ आहे का, शिलालेख आहे का? मी आपला नकारार्थी मान हलवत राहिलो. तेवढ्यात याडी काठी टेकत आली नि त्यांना दगडांच्या रांगांपाशी घेऊन गेली.

“ओल लागू नये म्हून आमचे लोक ह्या दगडायवर बैलायवरच्या मिठाच्या गोण्या उतरवत होते, साहेब. हे रांग माह्या सासऱ्याची, हे फुलसिंग नायकाची. पाहा, ढोरं अजूनबी माती चाटून राह्यले.”

साहेब टोपी काढून तिथेच मातीत बसले. म्हणाले, “नुसते दगड असते तर मी परत गेलो असतो. पण हा माळ, खालचा पाणवठा, ढोरांची सवय आणि या बाईंच्या तोंडची नावं, हे सगळं मिळून जपण्याजोगं आहे. रांगा पुऱ्या असतील तर सडक बाजूने न्यायला मी जोर लावीन.” मग मधली मोकळी जागा पाहून विचारलं, “इथल्या रांगा कुठे गेल्या?”

मी ढोरं हाकायला वळलो. भिया, सहा वर्षांपूर्वी तुम्हीही हेच विचारलं होतं. मी याडीच्या डोक्यावर हात ठेवून ‘मला ठाऊक नाही’ म्हणालो, आणि तुम्ही त्याच दिवशी घर सोडलंत.

त्या रांगा माझ्या गोठ्याच्या भिंतीत होत्या. मीच नेल्या. दगडच तर आहेत, कोण विचारतो, असं तेव्हा वाटलं. फार लाज वाटते.

साहेब गेल्यावर याडीला सांगून टाकलं. तर म्हणते, “मले कवाचं ठाऊक हाय. तुहे बैल रोज भिंत चाटते, मी काय बहिरी हाओ?”

भिंत मी उतरवली. सगळे दगड माळावर नेऊन ठेवले, बैल सध्या लिंबाखाली बांधतो. पण कोणती रांग कुठून कुठवर होती, हे आपल्या बापूंनी थोरला लेक म्हणून फक्त तुम्हाला दाखवलं होतं. साहेब पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.

या, भिया. रागवायचं ते माळावरच रागवा. तुम्ही जागा सांगा, दगड मी उचलतो.

याडीची खोटी शपथ घेतलेला,
तरी तुमचाच,
लखीराम