पोटखराब्याचे जर्मन भाषांतर

हॅनोव्हर,
१२ जून १९६०

तीर्थस्वरूप भास्करराव दाजी यांस यशवंताचा दंडवत. (सात वर्षांत एक कार्डही टाकले नाही, तेव्हा नेहमीचा मायना कुठल्या तोंडाने लिहावा हे सुचेना. दंडवत मात्र खरा आहे.) मी इकडे खुशाल. तुमच्या घरची खुशाली आमच्या सौ. वसुधाच्या पत्रातून कळते; पण तिला ती बाजारात भेटणाऱ्या माणसांकडून कळत असल्यामुळे, हॅनोव्हरला पोचेपर्यंत गुडघा तुमचा सुजला आहे की तांबड्या गाईचा, हे नक्की होत नाही. दोघांनाही आराम पडो. अक्काचा खोकला तिचाच असणार. तो कसा आहे?

येथे मी जुन्या नकाशांचा अभ्यास करतो, हे तुम्ही ऐकलेच असेल. निघताना आपल्या गावच्या पहिल्या मोजणीच्या नकाशाची नक्कल काढून आणली होती. कॉलेजात सर्वांना सांगितले, संशोधनासाठी. रोजनिशीत मात्र त्या दिवशी लिहिले आहे, ‘ओढ्याकाठच्या तुकड्याचा पुरावा मिळेल.’ (म्हणजे तुमच्याविरुद्ध. लिहिताना लाज वाटली नाही, आज वाचताना वाटते.) आणि गंमत अशी की येथे उत्तम भिंगे असूनही आठ महिने मी त्या कोपऱ्यावर भिंग नेलेच नाही. तुकडा तुमचा निघेल ही भीती होती, की आमचा निघेल ही, याचा खल रोजनिशीत चार ठिकाणी आहे आणि निकाल एकाही ठिकाणी नाही.

येथील प्रोफेसरसाहेबांनी मेमध्ये एक प्रदर्शन मांडले: परक्या राज्यकर्त्यांनी आधी नकाशा कसा केला आणि मग त्यावर शेतसारा कसा बसवला. आपला नकाशा भिंतभर मोठा करून लावायचे ठरले. गोऱ्या साहेबाने शंकू रोवून, साखळी ओढून आपले शिवार मोजले ते काही ओढ्याच्या प्रेमाने नव्हे. नांगर फिरतो तेथे सारा. ओढ्याचा काठ, खडक, जेथे काही पिकत नाही, तो शेताच्या नंबरात धरलेला पण साऱ्यातून सोडलेला पोटखराबा. (तुम्हाला हे काय सांगायचे! सरकारने जो तुकडा बिनकामाचा म्हणून सोडला, त्याच्यावरच आपण सात वर्षे भांडणाचे पीक काढतो आहोत.)

आता, प्रोफेसरसाहेबांचा दंडक असा की खुणांच्या यादीतला प्रत्येक शब्द आधी शब्दशः द्यायचा, मग अर्थ. मी इमानाने जर्मनमध्ये चिठ्ठी लिहिली: पहिला शब्द ‘पोट’, दुसरा ‘खराब’. खुलासा पाठीमागे लिहिला, कारण पुढे जागा उरली नाही. नकाशाखालची अक्षरे काढणाऱ्या फ्रॉयलाइन क्र्योगर बाईंनी पाठ पाहिली नाही. चूक कोणाची, यावर मी दोन दिवस विचार केला. ‘मागे पाहा’ असे मीच लिहायला हवे होते. बाईंनी अशुद्ध जर्मन सुधारून सुंदर अक्षरात लिहिले, ‘रेघारेघांचा भाग: पोटदुखी.’

उद्घाटनाच्या गर्दीत मला ते दिसले तेव्हा एक वृद्ध डॉक्टर नकाशापुढून हलायला तयार नव्हते. सगळी पोटदुखी ओढ्याच्या काठाकाठाने पसरलेली पाहून त्यांनी निदान केले होते की पाणी दूषित. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी शेताशेतागणिक रोग्यांची नोंद ठेवली, याचे त्यांना फार कौतुक! मी घाईने खुलासा करू लागलो, पण माझे जर्मन घाईत पोटापाशीच अडकते. “या, या,” (म्हणजे ‘हो, हो’) म्हणत त्यांनी काठीचे टोक नेमके आपल्या भांडणाच्या, जांभळीजवळच्या तुकड्यावर टेकवले आणि विचारले, “येथे तर फार जोर दिसतो. येथे कोणाचे पोट दुखत होते?”

दाजी, तेव्हा मी तो कोपरा पहिल्यांदा पाहिला. भिंगाची गरजच नव्हती. नंबराचा आकडा ताटाएवढा होता. सत्तेचाळीस. तुमचा.

“माझे,” मी म्हणालो. “पण जमीन माझ्या मेहुण्यांची आहे.”

“गेनाऊ?” त्यांनी विचारले. (म्हणजे ‘अगदी नक्की?’ येथे हा शब्द जेवणात मिठासारखा पडतो.)

“गेनाऊ,” मी म्हणालो. आणि सात वर्षांत जे मराठीत उच्चारता आले नाही ते परक्या भाषेत इतक्या सहज निघाले की मलाच संशय आला. म्हणून दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो. तीनदा मोजले. (तिसऱ्यांदा थोडे आमच्या बाजूने मोजले, हे कबूल करतो. तरी तुमचाच निघाला.) डॉक्टरांचे निदान, एकूण, तितकेसे चुकले नव्हते.

यादी दुरुस्त झाली. क्र्योगर बाई आता प्रत्येक कागद उलटून पाहतात, कोराही. अक्काला नमस्कार. तुम्हालाही, पायांवर डोके ठेवून, गुडघा सांभाळून.

तुमचा,
यशवंत

ता. क. मुख्य काम राहिलेच. सोबत माझ्या सहीचा कागद आहे. तुकड्याबद्दलचा माझा अर्ज मागे घेतल्याचा. मामलेदार कचेरीत द्यावा. (कृपया पाठीमागेही पाहावे, तेथे नंबर लिहिला आहे.) मी सप्टेंबरअखेर परततो. भाऊबीजेला अक्काला पाठवाल का? पाठवणार नसाल तर ताट तयार ठेवायला सांगा, मीच येतो. कागद तुम्ही कचेरीत द्या अथवा देऊ नका, भाऊबीजेचे विचारणे त्यावर अवलंबून नाही.

ता. क. २. जांभळीचे झाड मात्र नकाशात नाही, म्हणून राहवले नाही आणि बांधाच्या रेघेची जाडीही मोजली. जमिनीवर ती साडेसहा फूट भरते, आणि जांभूळ बरोबर त्या रेघेत उभी आहे. रेघेला नंबर नसतो, दाजी. तेव्हा पुढच्या ज्येष्ठात दोन्ही घरांनी जांभळे खावीत. जास्त खाल्ली, तर क्र्योगर बाईंचे भाषांतर बरोबर होते असे मी त्यांना कळवीन.