कोरडी तंबाखू

अप्पा, तुमच्या मुलाला, माझ्या धाकट्या भावाला, आत्ता ऑपरेशनसाठी आत नेलं आहे. दवाखान्यातल्या बाकावर बसून ओरडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात इथल्या, लातूरच्या, डॉक्टरांनी त्याला हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर दाखवल्या. भिंतींना पांढरे थर. "हे कॅल्शियम. वर्षानुवर्षं साचलंय. रक्ताची वाट अरुंद झाली, म्हणून चालताना छातीत आवळतं. इतकं कडक आहे की फुगा घालूनही उघडणार नाही, आधी घासून काढावं लागेल." यानं त्यातलं कॅल्शियम तेवढं ऐकलं. घरी येऊन दूध बंद केलं आणि चुन्याची डबी फेकली. "आता कोरडीच तंबाखू खातो की, अक्का. कॅल्शियमचा विषयच मिटला."

"अरे शहाण्या, ते चुना खाऊन साचत नाही. तंबाखू सोड!"

"मंग राहू दे ते आपरेशन. गॅस हाय नुसता. अप्पालाबी व्हायचा."

हो, तुम्हालाही व्हायचा. लातूर जिल्हा झाला त्या साली विहिरी कोरड्या पडलेल्या. टँकरच्या पाण्याच्या घागरी घेऊन तुम्ही जिना चढता आहात, अर्ध्यावर थांबता, छातीवर मूठ दाबता. वारं भरलं म्हणून आई लसणाचं तेल चोळते. मी कॉलेजात विज्ञान शिकलेली. म्हणते, नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडे चला. तुम्ही ऐटीत हसता. "आता आपलंच गाव जिल्हा हाय. मोठा दवाखाना हितंच येतो की. नांदेडला कशाला जायचं?" दवाखाना आला, अप्पा. तुम्ही थांबला नाहीत. त्या ऐटीचा मला अजून संताप येतो. आईनं उरलेलं आयुष्य तुमच्याविना काढलं, आणि धाकट्यानं तुमच्याकडून दुकान घेतलं, तंबाखू घेतली, गॅसही घेतला.

आज सकाळी तो अंगणात घामाघूम होऊन खाली बसला. मी भांडले नाही, रिक्षा बोलावली. इथं नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. गळ्यातलं इष्टलिंग काही देईना.

"जित्तेपणी उतरवायचं नसतंय, अक्का."

"जित्ता राहायलाच चाललायस. दे इकडं."

हे पत्र टाकणार कुठं? पर्समध्येच राहील. मला भीती वाटते, अप्पा. हे इथं कुणाला सांगितलेलं नाही.

धाकट्यानं माझ्या हाती दिलं ते: घड्याळ, चष्मा, खालच्या दातांची कवळी, इष्टलिंग दोऱ्यासकट.