मंगलने सांगितलेला शेवट

मी, अक्काताई शंकर हावळ, वय चौऱ्याहत्तर, धंदा विणकाम (गुडघ्यांमुळे बंद), राहणार जुने वडगाव, बेळगाव, आज मार्गशीर्ष अमावास्येच्या दिवशी स्वतःच्या हाताने आणि कुणाचेही न ऐकता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र ठिकाणावर नाही असे त्याच डॉक्टरांचे म्हणणे असून सोमवारी ऑपरेशन आहे. सकाळी मी माझ्या धाकट्या बहिणीला, मंगलला, निपाणीला फोन केला आणि "कायमची इकडे ये" म्हणून सांगितले. तिने लगेच फोन ठेवला. त्यामुळे माझे चित्त थाऱ्यावर नाही, पण चित्ताचा दाखला कायद्याला लागत नाही.

वकीलबाई रचना आमच्याच गल्लीतली पोर. मुहूर्त ऐकून तिने कपाळाला हात लावला. "आज्जी, अमावास्येला कोण मृत्युपत्र करतंय व्हय?" तिला सांगितले, आम्ही कोष्टी. लोकांची अमावास्या अशुभ असेल, आमची सुट्टीची. त्या दिवशी माग चालवायचा नाही, म्हणून सगळे वडगाव मोकळे असायचे आणि गल्लीच्या टोकाच्या सुंदर टॉकीजवाल्याने ते हेरून दुपारचा जादा खेळ सुरू केला होता. त्याला अमावास्येचा खेळ म्हणत. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी अमावास्येला झाल्या आहेत, ही पण त्याच दिवशी होऊ दे.

कलम १. राहते घर. दोन खोल्या, मागचे अंगण आणि पुढच्या खोलीतला मागाचा खड्डा धरून हे घर माझ्या वडिलांनी स्वकष्टाने बांधले आणि नोंदणीकृत बक्षीसपत्राने मला दिले. त्यावर कुणाचा बोजा नाही. सुंदर टॉकीज यंदा पाडले, तिथे लग्नाचा हॉल होतो आहे, आणि हॉलवाल्याला गाड्या लावायला माझे घर हवे आहे. तो दर आठवड्याला पेढे घेऊन येतो. पेढे मी खाल्ले. घर त्याला द्यायचे नाही. घर कुणाला द्यायचे ते कलम चारमध्ये लिहिले आहे.

कलम २. माझा एकुलता एक मुलगा साईनाथ बंगळूरला नोकरीस आहे. बँकेतली ठेव, माझ्या पाटल्या आणि पितळी भांडी त्याची. पोरगा गुणाचा आहे. "आई, ते घर विकून टाक आणि इकडं ये," असे तो प्रेमानेच म्हणतो. मी आठ दिवस जाऊन आले. त्यांच्या घरात खिडकी उघडली की सून लावते आणि शेजारी कोण राहते ते कुणालाच माहीत नसते. मी दोनदा खाली जाऊन वॉचमनशी बोलत बसले तर त्यालाही त्यांनी सांगितले की आजींना वर पाठवत जा. साईनाथ, घर तुला लगेच मिळणार नाही याचा राग येईल. येऊ दे. पण कलम चार पूर्ण वाचल्याशिवाय मला फोन करू नकोस, आणि मी नसले तर रचनाला करू नकोस.

कलम ३. हातमाग, धोटे आणि फण्या शेजारच्या मनिषाला. ती पॉवरलूमवर जाते, पण हातमागाचा धोटा हातात घेतल्यावर तिचे डोळे कसे होतात ते मी बघितले आहे. टॉकीज मोडताना मी बायकांच्या बाजूचे एक लाकडी बाकडे विकत घेतले होते, ते विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळाला द्यावे. त्यावर यशोदाबाईला बसू देऊ नये. ही बाई माझ्या लहानपणी दर खेळाला नेमकी माझ्या पुढे बसायची आणि तिच्या गंगावनाच्या अंबाड्याआड अर्धा पडदा जायचा. सांगितले तर म्हणायची, "मग काय डोस्कं घरात ठिवून येऊ?" ती अजून ठणठणीत आहे. तिला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळणार नाही.

(इथे उठून फोन बघून आले. काही नाही. रचना म्हणते, आज्जी, एका जागी बसा, नाहीतर दाखला बदलून आणावा लागेल.)

कलम ४. हे राहते घर माझी सख्खी धाकटी बहीण मंगल आण्णाप्पा मुसळे, वय एकाहत्तर, सध्या मुक्काम निपाणी, हिला तिच्या हयातभर राहण्यासाठी देते. तिच्या पश्चात ते साईनाथचे. तिला कुणी, साईनाथनेसुद्धा, बाहेर काढू नये. याचे कारण लिहिण्यास वकीलबाईंनी मनाई केली आहे. कारण लिहिले की कोर्टात त्यावर वाद घालता येतो म्हणे. घालू देत. कारण असे.

आमची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली होती. तिच्यापाशी एकीने थांबायचे, हा वडिलांचा नियम. त्यामुळे एका अमावास्येला मी सिनेमाला आणि एका अमावास्येला मंगल. जी जाईल तिने येऊन दुसरीला सगळे सांगायचे. म्हणजे आम्ही दोघींनी मिळून सगळे सिनेमे बघितले, पण एकीनेही सगळे बघितले नाहीत.

माझी पाळी असली की मी जेवणसुद्धा उभ्यानेच करायची. ओच्यात चिरमुरे आणि फुटाणे, हाताला खळीचा वास. सुताला खळ लावून लावून सगळ्या गल्लीच्याच हातांना तो असायचा, त्यामुळे टॉकीजभर खळीचा वास आणि त्यात विड्यांचा धूर. बायकांची बाजू डावीकडे, मध्ये लाकडी कठडा, त्यावर पडदा. अंधार झाला की दारावरचा माणूस तो पडदा ओढून बाजूला करायचा आणि मध्यंतराचा दिवा लागायच्या आत धावत येऊन परत लावायचा. तो कधी विसरला की पुरुषांकडून शिट्ट्या आणि बायकांकडून शिव्या. रीळ तुटले की पोरे बाकडी वाजवायची. पण खलनायकाला मार बसायला लागला की दोन्ही बाजू एकच व्हायच्या. तेवढा आनंद मला पुढे कशातच झाला नाही. साईनाथच्या जन्माचा सोडून, तोही दुसऱ्या दिवशी.

मी घरी येऊन घडले ते सांगायची. नायिका मेली तर मेली म्हणायची. आई रडायची, मंगल उठून भांडी घासायला जायची. मंगल सांगायला बसली की मात्र वडीलसुद्धा विडी विझवून दारात उभे राहायचे. ती पावसाचा आवाज काढायची, घोडा व्हायची, सासू व्हायची, रॉकेलची चिमणी हातात धरून अख्खी विहीर दाखवायची. आणि तिच्या सिनेमात शेवटी सगळ्यांचे भले व्हायचे. मला वाटायचे, काय हिचे नशीब, हिच्या पाळीला नेमके चांगले सिनेमे लागतात.

त्यातल्या एका सिनेमात एक बाई असते. नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते. एक दिवस ती मूल काखेत मारून घराबाहेर पडते. मंगलने सांगितले की ती माहेरी येते, शिलाईचे दुकान काढते, आणि नवरा माफी मागायला येतो तेव्हा शिवणयंत्रावरून मानसुद्धा वर करत नाही. मंगलने त्या यंत्राचा आवाज असा काढला होता की तो माझ्या कानातून कधी गेलाच नाही.

मला हिंडलग्याला दिले. नवऱ्याचे नाव मी लिहीत नाही (वर शंकर लिहिले ते वडिलांचे), तो आता नाही आणि माझ्या लेकराचा तो बाप होता. पण घर त्या सिनेमातलेच. चौथ्या वर्षी एका सकाळी साईनाथला काखेत मारले आणि वडगावपर्यंत चालत आले. आमच्यात तोवर कुणी बाई अशी परत आली नव्हती. वाटभर मी एकच म्हणत होते, त्या बाईला जमले, मला जमेल. वडिलांनी मला दारात बघितले, पोराला बघितले आणि म्हणाले, "दुसरा माग मोकळाच हाय. बस." त्या मागावर मी पोराला शिकवले.

नऊ वर्षांपूर्वी दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. नाव लिहीत नाही, कुणी शोधून बघू नये म्हणून. ती बाई घराबाहेर पडते. माहेरचे दार लावून घेतात. ती परत सासरी जाते आणि नवऱ्याच्या पायावर डोके ठेवून मरते, आणि तो रडतो. संपला सिनेमा. दुकान नाही, यंत्र नाही. मी टीव्हीपुढे उभीच राहिले. ज्या पायरीवर पाय देऊन मी बाहेर पडले होते, ती पायरी तिथे नव्हतीच.

मी मंगलला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. "माझा जल्म तू खोट्यावर उभा केलास! मी मेले असते म्हंजे?" ती म्हणाली, "मेलीस का मग?" मी फोन आपटला. नऊ वर्षे आम्ही बोललो नाही. मला तिचा राग अजूनही आहे, तो या मृत्युपत्राने रद्द होत नाही.

गेल्या आठवड्यात ऑपरेशनचे ठरले तेव्हा मीच फोन केला. इकडचे तिकडचे झाल्यावर विचारले, "का गं बदललास तवा शेवट?"

"तू आईचं गू-मूत काढत घरात बसलेली. तुला आणिक मेलेली बाई कशाला आणून देऊ?"

"आणि तू? तुझंबी घर तसलंच हाय की. तू का न्हाईस बाहेर पडलीस?"

मंगलचे घर मला माहीत आहे. तिचा नवरा आण्णाप्पा तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होता. कामाला जाताना बाहेरून कडी लावून जायचा. सिनेमाने बायका बिघडतात म्हणून लग्नानंतर त्याने तिला एक सिनेमा बघू दिला नाही. वडील वारले तेव्हा ती आली होती, तिच्या दंडावर बोटे उठलेली मी बघितली. आता तो म्हातारा झाला आहे, पण हात अजून म्हातारा झालेला नाही.

मंगल फोनवर म्हणाली, "आक्का, तुला खोटा शेवट सांगिटला मी. पर मी खरा बघिटला हुता न्हवं."

तेव्हापासून मला झोप नाही. अंथरुणावर बसते, उठते, दार उघडते, लावते. जी मला बाहेर काढून आपण आत राहिली, तिला मी नऊ वर्षे तोंड दाखवले नाही म्हणून नव्हे. त्याचे आम्ही दोघी बघून घेऊ, भांडायला आम्हाला उरलेले दिवस पुरतील. पण ती अजून त्या घरात आहे आणि सोमवार जवळ आला आहे, हे मला सहन होत नाही. हे या कलमाचे कारण.

कलम ५. आण्णाप्पा मुसळे यांस या घराच्या उंबऱ्याच्या आत येण्याचा हक्क नाही. आलेच तर पायरीवर चहा देण्यास हरकत नाही. कप मोडका द्यावा.

कलम ६. रचना सांगते की मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. म्हणजे मंगलला मोकळे व्हायला माझ्या मरणाची वाट बघावी लागणार. हे मला मान्य नाही. सबब कलम चार आजपासून, आत्तापासून, मी जिवंत असतानाच लागू आहे. कायद्यात हे बसत नाही असे वकीलबाईंचे मत असून ते नोंदवून घेतले आहे. हेच मी सकाळी मंगलला फोनवर तोंडी सांगितले, त्यावर तिने फोन ठेवला, हे वर आलेच आहे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रचनाने करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, कुणाच्याही दबावाखाली न येता

(वाक्य अर्धे राहिले, कारण फोन वाजला. काय बोलणे झाले ते तसेच लिहिते. रचना खोडू म्हणते, मी खोडणार नाही.)

"आक्का, गाडीत बसले मी."

"कंच्या गाडीत?"

"बेळगावच्या. संकेश्वर मागं गेलं. एकटीच हाय. पिशवीत दोन लुगडी घेटल्यात निस्ती."

"आणि त्यो?"

"जेवून निजला हुता. दाराला ह्या बारीला मी कडी लावली, भायेरनं." मग बारीक आवाजात, "शेजारणीला सांगून आले, तासाभरानं काढ म्हणून. आक्का, आता म्होरं काय करायचं गं?"

"मला काय ठावं! खिडकीला धरून बस. हालू नको. मी आले."

वरील सर्व मजकूर माझा आहे व मला मान्य आहे.

सही: अक्काताई शंकर हावळ

साक्षीदार १: मनिषा, शेजारीण, जुने वडगाव (रिक्षात सोबत बसली आहे)
साक्षीदार २: बसवंत, रिक्षाचालक, अनगोळ (रिक्षा बाजूला थांबवून सही केली)

दिनांक: १९ डिसेंबर २०२५, शुक्रवार
ठिकाण: रिक्षात, बेळगाव बसस्थानकाच्या वाटेवर