येतो म्हणून

८ डिसेंबर, वडगाव रासाई
नोकरी लागली! आजपासून मी, यवतचा नौशाद, बापूसाहेबांच्या पांढऱ्या जीपचा ड्रायव्हर. राबिया म्हणते, रोज चार ओळी लिहीत जा, फोनवर तुमचं बोलणं हूं-हांच्या पुढं जातच नाही. बायकोचा हुकूम, म्हणून ही वही. काम सोपं आहे. बापूसाहेबांच्या आई, सरूबाई आजी, यांना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला दौंडला न्यायचं. खोली भीमेच्या काठाला, उसाला लागून. जेवण त्यांच्याच घरचं, भाकरी मागेन तेवढी. आजी दिसायला एवढ्याशा, पण जीभ दुधारी. मला बघून म्हणाल्या, "ड्रायव्हर हाय का शाळंतलं पोरगं?" संध्याकाळी शेडमध्ये जीप लावली, बॉनेटवर थाप मारली आणि गमतीनं म्हणालो, येतो गं. आता जेवून मस्त ताणून देणार.

९ डिसेंबर
जीपचं कुलूप गोठलं होतं! किल्लीच्या भोकात पांढरा बर्फ, हँडलवर कडक पापुद्रा. थंडी आहे, मफलर लागतोच, पण शेजारच्या बादलीतलं पाणी साधं पाणीच होतं. किल्ली लायटरवर तापवून घातली तेव्हा कुठं दार उघडलं. निघायला उशीर झाला. बापूसाहेबांना कारण सांगितलं, तर त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग उन्हाकडं. दौंडला माझा जुना दोस्त बिलाल गॅरेज चालवतो. दवाखान्यासमोरच्या टपरीवर त्याला सांगितलं, तर पोट धरून हसला आणि मला 'काश्मीर' म्हणायला लागला. सगळ्या टपरीनं ते नाव उचललं. माझे कान इतके तापले, की कुलपाला लावले असते तर बर्फ तेव्हाच वितळला असता.

१२ डिसेंबर
पुन्हा बर्फ. या वेळी झोप लागली म्हणून सांगितलं. आळशी म्हटलेलं परवडलं, येडा म्हटलेलं नको. वाटेत आजींनी आपणहून विचारलं, "रात्री गाडीला काय म्हनून गेलतास?" मी म्हणालो, येतो म्हणालो, जाताना सगळेच म्हणतात. जातो कोण म्हणतं? त्या म्हणाल्या, "मान्सं म्हनत्यात आन् इसरत्यात. ही न्हाई इसरत. वाट बघून बघून गार पडती. येतो म्हनलास की यायचं, लेकरा." आधीचे ड्रायव्हर शंकरराव म्हणे मुकाट उतरायचे. मी हसलो. पण संध्याकाळी मुकाटच उतरलो.

१६ डिसेंबर
न बोलता उतरतो आणि कुलूप लोण्यासारखं फिरतं. आजींशी चांगलं जमलंय. डायलिसिसनंतर त्यांना हुडहुडी भरते, म्हणून राबियाची निळी शाल मागच्या सीटवर ठेवलीय. त्यांनी ती अंगावरून काढलीच नाही. आता ही माझी, म्हणाल्या.

२३ डिसेंबर
हात धजत नाही, पण तोंडानं तर कुणालाच सांगता येणार नाही.
दुपारी आजींना दवाखान्यातून आणून मागं बसवलं. टपरीवरून बिलालनं हाक मारली, ए काश्मीर. मी दारं लावली आणि म्हणालो, आजी, येतो. तोंडात बसलेला शब्द, निघून गेला. एक चहा घेऊन परतायचं होतं. पण थट्टा सुरू झाली आणि मी ती मोडून काढायला बसलो. मग दुसरा चहा, मग पत्ते.
आलो तर काचा आतून पांढऱ्या. कुलूप दगड. आतला खटकाही गोठला असावा, आजी आतून ओढत होत्या. मग टकटक. "नौशाद, आलास का रं?"
पायाशी वीट पडली होती. एक फटका पुरे होता. पण टपरीवरचे सगळे बघत होते. भर उन्हात कुलूप गोठलं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? त्यांच्याकडं पाठ करून मी चोरासारखा लायटर पेटवत राहिलो. टकटक थांबली. त्यानंतर कुलूप उघडलं.

२४ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अशा पेशंटचं होतं. बापूसाहेबांनी मला जवळ घेतलं. "शेवटपतुर तूच व्हतास तिच्यापाशी." मी मान हलवली. हलवली मी मान! थू माझ्यावर.

२८ डिसेंबर
जीप रिकामी आहे. मी स्वतः पाहिली. तरी शेडमधून टकटक. काचेवर आतून बोटांचे ठसे, पुसले तरी सकाळी परत. राबियाचा फोन आला. उचलला नाही. काय बोलू—

१ जानेवारी
दशक्रिया. जीप घाटाजवळ लावली होती. बापूसाहेब म्हणाले, स्टेशनवरून पाहुणे घेऊन ये. बसलो. दार ओढलं. कुलूप आपोआप—

खटका गोठलाय. चारही दारं. वही खिशात होती म्हणून—

हॉर्न वाजेल. एकदा दाबला की सगळा घाट धावत येईल. मुंडण केलेले बापूसाहेब पहिले. काच फोडतील. आणि विचारतील, नौशाद, हे कसं काय? मग आजींचं पण—

हात जात नाही. अजून लाजच वाटते. मरताना सुद्धा—

बोटं वळेनात—

बाहेरून कुणीतरी काच पुसली. निळी शाल. वाकून बघताहेत. रागावलेल्या नाहीत. म्हणाल्या, "बस हां, लेकरा. येते." आणि