पायाखालचं बंदर

टपाल कचेरी, ओसाका
१४ सप्टेंबर १९६६, सकाळी नऊ

प्रिय मिसाएताई,

नमस्कार. मी बरा आहे. तुझा खोकला कसा आहे? मी कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तू धरलेला अबोला अजून आहे का? मला इथं एका थिएटरात काम मिळालंय. पोस्टरं छापूनच येतात, मी फक्त खळ लावून चिकटवतो.

आपल्या थिएटरच्या बोर्डावरच्या राक्षसापुढे अजून गर्दी असते का गं? सिनेमा कंपनीनं पाठवलेल्या तळहाताएवढ्या फोटोवरून निशियामा उस्तादांनी आणि मी दोन मजली बोर्ड रंगवला. उस्ताद म्हणाले होते, "राक्षस मोठा काढू नकोस, माणसं बारीक काढ. आणि पायाखाली आपलंच बंदर दे. टोकियो चिरडलं तर आपल्याला काय?" म्हणून मी मासळी बाजार काढला, गावच्या सार्वजनिक न्हाणीघराचं धुराडं काढलं, पळणाऱ्यांत सगळे ओळखीचे चेहरे काढले. मासेवाली ओकिनुआजी तुझ्या तिकीट-खिडकीशी येऊन भांडली, "मलाच एवढी मागे का ठेवलीय रे मेल्यानं?" आणि तिकीट काढून तीनदा आत गेली. आत सगळं तुडवलं जातं, बाहेर यावं तर आपलं गाव जागच्या जागी. त्या एका सुटकेसाठी लोक येत असावेत.

कायोकोला मात्र मी पळताना काढलं नव्हतं. ती एकटीच उभी, वर बघणारी.

बोर्ड चढवला त्या दिवशी मी छपरावर दोर बांधत होतो. खाली ती आली, बरोबर तो बँकेतला, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय तो. म्हणाला, "ही तू? हिला पळायचंही कळत नाही वाटतं." ती हसली. ताई, ती हसली. मी पक्कड तिथंच टाकली, खाली उतरलो आणि दुपारची बोट धरली. एवढं तुला ठाऊक आहे.

दोर चार होते. मी दोनच बांधले.

उस्तादांनी खालून विचारलं, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." त्यांच्या गुडघ्यांना शिडी झेपत नाही. वर दुसरं कोण जाणार?

बोर्ड तुझ्या खिडकीच्या बरोबर वर आहे. काल रात्री रेडिओनं सांगितलं, वादळ आपल्या शिकोकूकडे वळलंय.

खरं म्हणजे मी इथं तार करायला आलो. 'बोर्ड सैल आहे, उतरवा', एवढंच लिहायचं होतं. पण ते उस्तादांना कळणार, मग कायोकोला. म्हणून आधी तुला नीट सगळं सांगावंसं वाटलं. कारकून दोनदा म्हणाला, "अहो, तार करताय की कादंबरी?"

आत्ता फॉर्म नेऊन दिला. तो आत गेला, परत आला. "शिकोकूची लाइन वीस मिनिटांपूर्वी गेली," म्हणाला. "तुम्ही आलात तेव्हा चालू होती."

बोटीही बंद आहेत. तिथं आपला मालक खेळ बंद ठेवणार नाही, मला माहीत आहे. वादळात लोकांना जायला दुसरी जागा नसते, म्हणतो. दहा वाजून दहा मिनिटं झालीत. तू साडेदहाला खिडकी उघडतेस.

आज उघडू नकोस, ताई.

अजूनही लिहीतच बसलेला,
तुझा तात्सुओ